फाशीवरील एका निबंधाचे व्याकरण
(तलवाडा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



माझ्या हातात एक वही आहे. नववीतील एका विद्यार्थ्याने ‘फाशीची शिक्षा असावी की नसावी?’ ह्या विषयावर लिहिलेला दोन पानांचा निबंध तीत आहे. त्याच्या संमतीने, पण त्याचे नाव न सांगता, तो मी आपल्यापुढे ठेवीत आहे. फाशी असावी की नसावी ह्याचा निकाल मी देणार नाही. मोठमोठ्या विधिज्ञांचेही त्यावर एकमत नाही. मी भाषेचा शिक्षक आहे. गणित सोडवावे तशी ह्या निबंधातील काही वाक्ये सोडवून दाखवावीत, एवढाच माझा हेतू आहे.

निबंधाचे पहिलेच वाक्य असे आहे: “न्यायाधीश आरोपीला फाशीची शिक्षा सुनावला.”

मागच्या बाकांवर हसू आले, ते मी ऐकले. पण हसण्याआधी हे वाक्य आले कोठून ते पाहा. ह्या मुलाच्या घरी दखनी बोलतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी तीच बोलली जाते. दखनीत आपण “जज सजा सुनाया” असे सहज म्हणतो. पुस्तकी उर्दूत “जज ने सजा सुनाई” म्हणावे लागते, पण आपल्या बोलीने तो ‘ने’ केव्हाच टाकून दिला आणि क्रियापद कर्त्याच्या मागे चालविले. मराठीने मात्र तो ‘ने’ घट्ट धरून ठेवला आहे. “न्यायाधीशांनी शिक्षा सुनावली.” येथे न्यायाधीश पुरुष असोत की स्त्री, एक असोत की तीन, ‘सुनावली’ हे रूप बदलत नाही. ते ‘शिक्षा’ ह्या स्त्रीलिंगी कर्माच्या हुकमात चालते. ह्याला आपण कर्मणी प्रयोग म्हणतो. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली निघाले, मोरो केशव दामल्यांचे १९११ साली. हे प्रयोगप्रकरण तेव्हापासून विद्यार्थ्यांना घाम फोडीत आले आहे. तेव्हा मुलाची चूक ही आळसाची चूक नव्हे. त्याने एका भाषेचा नियम दुसऱ्या भाषेत प्रामाणिकपणे पाळला आहे. लाल रेघ मारताना हा फरक शिक्षकाने ध्यानात ठेवावा, आणि प्रगतिपुस्तक पाहताना पालकांनीही.

दुसरी अडचण लिंगाची. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. एकच गोष्ट पाहा: त्याची मौत, त्याचा मृत्यू, त्याचे मरण. माणूस एकदाच मरतो, पण शब्द बदलला की लिंग बदलते! ह्या निबंधात ‘त्याचा मरण’ तीन ठिकाणी आहे. नपुंसकलिंगाला नियम थोडे आणि सवय फार लागते. कान तयार झाल्यावाचून ते येत नाही. मराठी वर्तमानपत्र रोज मोठ्याने वाचावे, ह्याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

ह्या विषयावर मराठीत लिहिताना आपली मुले परक्या अंगणात उभी असतात असे मात्र कोणी समजू नये. कायदा, वकील, फिर्याद, अर्ज, जामीन, माफी, गुन्हा हे सारे शब्द अरबी-फारसीतून येऊन मराठीत कित्येक पिढ्या नांदत आहेत. त्यात आपला मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि कचेरीचा कारभार उर्दूत चाले. आजोबांच्या काळचे कागद ज्यांच्या घरी असतील त्यांना हे सांगावयास नको. कोर्टाची मराठी आपल्या मुलांना अर्धी घरातच मिळालेली असते.

मात्र ओळखीचा शब्दच कधी कधी फसवितो. ‘खून’ म्हणजे उर्दूत रक्त, मराठीत हत्या. “माझ्या बोटातून खून आला” असे मुलाने लिहिले तर शिक्षकाने घाबरू नये. ‘शिक्षा’ ह्या शब्दाची गंमत तर आपण सर्वांनी पाहिली आहे. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. २००१ साली सुरू झालेल्या ‘सर्व शिक्षा अभियाना’चे फलक आपल्या शाळांच्या भिंतींवर लागले, तेव्हा मराठी वाचणाऱ्याला त्यातून भलताच अर्थ निघे. ‘कायम’ हा तिसरा शब्द. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली तरी उच्च न्यायालयाने ती मंजूर केल्याशिवाय अमलात येत नाही. ही मंजुरी मिळाली की वर्तमानपत्र लिहिते, “फाशी कायम.” आमच्या विद्यार्थ्याने त्याचा अर्थ ‘फाशी नेहमीसाठी सुरू राहणार’ असा घेतला आणि त्यावर एक परिच्छेद खर्ची घातला. एक शब्द चुकला आणि सारा परिच्छेद वाया गेला.

शुद्धलेखनाबद्दल एकच सांगतो. ‘मृत्यू’ एकटा असला तर शेवट दीर्घ. समासात आला की ऱ्हस्व. म्हणून ‘मृत्युदंड’ असे लिहावे. ह्या बाबतीत विद्यार्थ्याला एकट्याला दोष देता येणार नाही, कारण मोठमोठ्या मथळ्यांत ‘मृत्यूदंड’ छापलेले मी पाहतो.

आता ज्या वाक्यासाठी मी ही वही आणली त्याकडे वळतो. दुसऱ्या पानावर विद्यार्थी लिहितो: “ज्याने खून केला त्याला फाशी दिली जावी.”

लिंग बरोबर, प्रयोग बरोबर, शुद्धलेखन बरोबर. साऱ्या निबंधातील हे सर्वांत शुद्ध वाक्य. तरीही मी त्याच्याखाली रेघ मारली. विद्यार्थ्याने विचारले, “सर, ह्यात काय चुकले?” व्याकरणाच्या परीक्षेत काहीच चुकलेले नाही. पण वाक्यात तीन माणसे दडून बसली आहेत. त्यांना बाहेर काढल्याशिवाय हे वाक्य पुरे होत नाही.

पहिला, ‘ज्याने’. ‘ज्याने खून केला’ असे म्हणताना कोणी केला हे आपल्याला ठाऊक आहे, असे आपण गृहीत धरतो. कोणाला ठाऊक आहे? प्रत्यक्ष पाहणाऱ्याला आणि करणाऱ्याला. न्यायाधीशाने तर तो पाहिलेला नसतो. तो पुराव्यावरून ठरवितो. मराठीने ह्यासाठी आपल्याला तीन वेगळी वाक्ये दिली आहेत: तो दोषी आहे, तो दोषी ठरला, त्याला दोषी ठरविले. पहिल्या वाक्यात वस्तुस्थिती आहे. दुसऱ्यात निर्णय आहे, पण निर्णय करणारा दिसत नाही. तिसऱ्यात “कोणी ठरविले?” हा प्रश्न आपोआप उभा राहतो. ‘ठरणे’ हे क्रियापद आपण लग्न ठरण्यापासून भाव ठरण्यापर्यंत रोज वापरतो. जे ठरते ते मोडूही शकते, हे त्या शब्दातच आहे. लग्न मोडलेले पाहिले आहे ना?

हा शब्दच्छल नव्हे. आपल्याच महाराष्ट्रातील एक खटला पाहा. २००३ सालच्या एका भीषण गुन्ह्याबद्दल भटक्या समाजातील सहा गरीब माणसांना २००६ साली सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. २००७ साली उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच योग्य ठरविली. पुढे प्रकरण पुन्हा ऐकण्यात आले, आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने आधी छायाचित्रांवरून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते, ही गोष्ट तेव्हा पुढे आली. प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश राज्य शासनाला झाला. सुमारे सोळा वर्षे गेली ती गेलीच. आता विद्यार्थ्याचे वाक्य ह्या सहा जणांना लावून पाहा. २००९ साली ‘ज्याने खून केला’ ह्या शब्दांत ते सहाही जण बसत होते. २०१९ साली त्यांतील एकही बसत नव्हता. ‘आहे’ आणि ‘ठरला’ ह्यांतील अंतर एवढे आहे.

दडलेला दुसरा माणूस फार महत्त्वाचा, आणि त्याला फाशीचे विरोधकही विसरतात. ‘खून केला’; पण कोणाचा? षष्ठीचा शब्दच वाक्यात नाही. मेलेला माणूस दोन पानांच्या निबंधात एकदाच आला आहे, तोही ‘मयत’ म्हणून, पंचनाम्यात येतो तसा. त्याला घर नाही, बायकामुले नाहीत. त्या २००३ सालच्या गुन्ह्यातही माणसे खरोखरच मारली गेली होती, आणि सहा जण सुटल्यावर त्यांच्या घरच्यांना न्याय कोणता मिळाला, हा प्रश्न उरतोच. फाशी असावी म्हणणाऱ्याने ‘ज्याने’ हा शब्द तपासावा, नसावी म्हणणाऱ्याने ‘कोणाचा’ हा शब्द गाळू नये.

तिसरा माणूस ‘दिली जावी’ मध्ये लपला आहे. कोणी द्यावी? वाक्यात कर्ता नाही. हा दोष विद्यार्थ्याचा एकट्याचा नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील शिक्षेचे वाक्यही असेच होते. दोषी व्यक्ती मरेपर्यंत गळफासाला टांगली जावी, असा त्याचा आशय. टांगणारा कोठेच नाही.

मराठीत ह्या एका घटनेला किती क्रियापदे आहेत पाहा. फाशी देणे, फाशी होणे, फासावर चढविणे, फासावर जाणे. ‘फाशी दिली’ म्हटले की देणारा शोधावा लागतो. ‘फाशी झाली’ म्हटले की पाऊस झाला तशी ती आपोआप झाल्यासारखी वाटते. आणि ‘फासावर गेला’ म्हटले की मरणाराच कर्ता होतो!

ह्याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारच्या सोलापूरचे. मे १९३० मध्ये तेथे इंग्रज सरकारने लष्करी कायदा पुकारला. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे ह्या चौघांवर खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. सरकारी भाषेत ते खुनी ठरले होते. पण सोलापूरचा माणूस आजही “चौघांना फाशीची शिक्षा झाली” असे म्हणून थांबत नाही. तो म्हणतो, “चौघे हसत फासावर गेले.” तारीख तीच, दोर तोच, कर्ता बदलला आणि खुनी हुतात्मा झाला. सरकारने एक क्रियापद वापरले, लोकांनी दुसरे. कोणते क्रियापद खरे, हे लोकांनी ठरविले. पुन्हा पाहा, ‘ठरविले’.

आजच्या कायद्यात देणारा कोण? शासन. आणि लोकशाहीत शासन म्हणजे अखेरीस आपण मतदार. १९८० साली बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद. दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणीच ती द्यावी. जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलम ३०२ जाऊन कलम १०३ आले, पण खुनाला फाशी किंवा जन्मठेप हा पर्याय तसाच राहिला. निवड कोणीतरी माणूसच करतो. मग त्याला वाक्याबाहेर का ठेवावे?

पालकांना एक विनंती. मुलगा असले विषय घरी काढतो तेव्हा “हे तुला कशाला हवे, गणित कर” असे म्हणू नका. उद्या तो पोलीस ठाण्यात, तहसिलीत किंवा कोर्टात कोणाचा तरी जबाब वाचून दाखवील. “मी मारले” आणि “मला मारताना पाहिले असे तो म्हणतो” ह्यांतील फरक त्याला दिसला पाहिजे, आणि आईवडील अंगठा उठविण्यापूर्वी दिसला पाहिजे. मुलींच्या बाबतीत तर मी हे दुप्पट आग्रहाने म्हणतो, कारण घरातले कागद पुष्कळदा त्याच वाचून दाखवितात.

ह्या विद्यार्थ्याने निबंध पुन्हा लिहून आणला आहे. त्याचे मत बदललेले नाही. फाशी असावी, असेच तो म्हणतो, आणि तो त्याचा अधिकार आहे. त्याचे ते वाक्य मात्र आता असे आहे: “एखाद्याचा खून केल्याबद्दल न्यायालयाने ज्याला दोषी ठरविले, त्याला फार क्वचित आणि सर्व अपील संपल्यावर, आपल्या सर्वांच्या वतीने शासनाने फाशी द्यावी.” पूर्वीपेक्षा वाक्य लांबले. “सर, आता वाक्य जड झाले,” अशी तक्रार त्याने केली. मी म्हणालो, जड आहे खरे, तसेच राहू दे. पहिल्या वाक्यातील ‘सुनावला’ चे ‘सुनावली’ झाले आहे. मृत्युदंडातील ‘त्यू’ अजून दीर्घच आहे. त्याचा अर्धा गुण मी कापला आहे.