विजयदुर्ग: पन्हाळ्याच्या राजाचं बंदर

कोल्हापूरकर समुद्र बघायला निघाले की गाडी गणपतीपुळ्याकडे नाहीतर गोव्याकडे वळते. गगनबावड्याहून करूळ घाट उतरून, वैभववाडी-तळेरेमार्गे विजयदुर्ग गाठणारे त्या मानानं थोडे. खरं तर हे बंदर कोल्हापूरच्याच घरचं! पन्हाळ्यावरून राज्य करणाऱ्या शिलाहार राजा दुसऱ्या भोजानं बाराव्या शतकाच्या अखेरीस इथला किल्ला बांधला, असं मानतात.

वाघोटन खाडीच्या तोंडाशी तिन्ही बाजूंनी पाणी, आणि आत एकामागे एक तीन तटबंद्या. शिवाजी महाराजांनी हा किल्ला आदिलशाहीकडून घेतला. पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं हे मुख्य ठाणं झालं. खाडीकाठी गिर्ये इथं खडक कोरून केलेली जहाजांची गोदी जरूर पाहावी.

फेब्रुवारी 1756 मध्ये पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी करून विजयदुर्गाच्या तुळाजी आंग्र्यांवर चाल केली. तोफांच्या माऱ्यात मराठ्यांचंच आरमार जळालं. हा व्यवहार महागातच पडला.

किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’, म्हणजे ग्रहण पाहणाऱ्या साहेबाच्या दुर्बिणींसाठीचे चौथरे, दाखवतात. हेलियमचा शोध इथंच लागला, असं हौसेनं सांगितलंही जातं. पण हे साहेब, म्हणजे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर, इथं आले ते 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी. सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची रेषा त्यांनी 1868 मध्ये इंग्लंडातूनच टिपली होती.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. त्यात पन्हाळा आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत.