दुखणं किती, ते खोकताना विचारा

मी तळेगाव दाभाड्याहून बोलतेय. माझं काम फिजिओथेरपीचं. आज हृदयाच्या ऑपरेशननंतरचं दुखणं आणि ते कमी करणारं एक छोटं यंत्र, याबद्दल सांगते.

मावळातल्या एक मावशी. झडपेचं, म्हणजे वॉल्वचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. मी विचारलं, "मावशी, शून्य ते दहात दुखणं किती?" म्हणाल्या, "दोन असंल. एवढं काय नाय." म्हटलं, "जरा खोकून दाखवा." त्या घशातल्या घशात खाकरल्या आणि डोळ्यांत पाणी आलं. "आता किती?" "आठ."

आपण बायका दुखणं गिळतो, ते ठाऊकच आहे. पण इथे ते फुप्फुसाला महागात पडतं. या ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि नंतर स्टीलच्या तारेने बांधतात. ते भरून यायला दोन-तीन महिने जातात. दुखतं म्हणून माणूस वरवरचा श्वास घेतो, खोकला दाबतो. मग फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही, कफ साचतो, न्यूमोनियाची भीती वाढते. म्हणून पडल्या-पडल्या किती दुखतं हे विचारून भागत नाही. खोकताना किती, ते विचारायचं.

आता यंत्र. त्याला टेन्स म्हणतात. मोबाइलएवढं असतं, बॅटरीवर चालतं. जखमेच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्ट्या लावतात, जखमेवर कधीच नाही. हलका करंट सोडला की मुंग्या आल्यासारखं वाटतं. झटका बसत नाही. कोपर आपटलं की आपण चोळतो ना, तसंच हे. स्पर्शाच्या नसा जाड आणि वेगवान, दुखण्याच्या बारीक आणि संथ. सोमाटण्याच्या टोलनाक्यावर एका रांगेतल्या गाड्या भराभर सुटाव्यात आणि दुसरी रांग अडकावी, तसं पाठीच्या कण्यात होतं. मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी 1965 साली ही कल्पना मांडली.

ब्राझीलच्या संशोधकांनी 2010 साली एक अभ्यास छापला. ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या दिवशी 25 रुग्णांना चार तास यंत्र लावलं. काहींच्या यंत्रात करंटच नव्हता. खऱ्या करंटवाल्यांचं दुखणं उतरलं आणि श्वासही जास्त भरला. माणसं थोडी होती, म्हणून मी याला जादू म्हणणार नाही. गोळ्या चालूच ठेवायच्या असतात.

मावशींचे आठाचे पाच झाले. तेवढं पुरलं. उशी छातीशी घट्ट धरून त्या खोकल्या, कफ सुटला. मग तीन गोळ्यांचं श्वासाचं यंत्र हातात दिलं, तर जोरात फुंकायला लागल्या! सगळेच हे करतात. ते फुंकायचं नाही, तोंडाने हळूहळू आत ओढायचं. पट्ट्या लावून नुसतं पडून राहिलं तर फायदा अर्धाच. दुखणं उतरलेल्या वेळात श्वास आणि खोकला करून घ्यायचा.

एक मात्र नीट ऐका. हे यंत्र दुकानातही मिळतं. म्हणून शेजारणीचं आणून सासूबाईंच्या छातीला लावायचं नाही. पेसमेकर असेल तर करंटमुळे त्यात गडबड होऊ शकते. ऑपरेशननंतर काही दिवस छातीतून बारीक तारा बाहेर काढलेल्या असतात, तेव्हाही सर्जनना विचारल्याशिवाय नाही. मानेच्या पुढच्या बाजूला नाही, चिरलेल्या कातडीवर नाही, गरोदर बाईच्या पोटावर नाही.

बायपास आणि वॉल्वची ऑपरेशनं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात, हे बऱ्याच जणींना माहीत आहे. पण वॉर्डात "फिजिओथेरपिस्ट कधी येणार?" असं क्वचितच कुणी विचारतं. विचारा. घरी आल्यावरही लागलं तर आपल्या तळेगावात फिजिओथेरपीचं कॉलेज आहे.

आणि घरी ताप आला, दम वाढला, जखमेतून पू आला किंवा हालचालीत हाड कटकट वाजलं, तर यंत्रबिंत्र बाजूला ठेवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मावशी सातव्या दिवशी घरी गेल्या. हंडा उचलू नका म्हणून सुनेला बजावलंय. उशी त्या सोबत घेऊन गेल्या, दवाखान्याचीच होती ती.