कुरणाची मुद्दल



सुवर्णमहोत्सवी व्यासपीठावर कापडाच्या व्यापाऱ्याने गवतावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु दुष्काळात चाऱ्यासाठी देणगीची पावती फाडणारे आपणच; तो चारा निर्माण कसा होतो, हेही आपण जाणून घ्यावयास हवे.

नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे आपल्यासारख्याच अवर्षणग्रस्त पट्ट्यातले गाव. (तो जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर झाला.) श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९९०च्या दशकात गावाने डोंगरउतारावर समतल चर खोदले आणि कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वीकारली. गवत कापून न्यावे, जनावर मोकळे सोडू नये. त्या दशकाच्या मध्यास गावात रोज सुमारे १५० लिटर दूध निघे, ते पुढे ४,००० लिटरपर्यंत गेले. चांगल्या गायी आल्या हेही खरे. पण डोंगरावर गवत व विहिरीत पाणी नसते, तर त्या पोसल्या कशा असत्या?

पहिल्या पावसानंतरचा कोंब मुळांतील साठ्यावर वाढतो. पाने सावरण्यापूर्वीच तो वारंवार खुडला गेला की मुळे खंगतात. मारवेल, पवन्या ही सकस गवते आधी नाहीशी होतात आणि कुसळी माजते. आम्हा व्यापाऱ्यांच्या भाषेत हे मुद्दल खाणे होय. म्हणून कुरणाचे तीन-चार भाग पाडून आळीपाळीने चारावे आणि एक भाग बी झडेपर्यंत राखावा. चार बोटे गवत उरले की गायी पुढच्या भागात न्याव्यात. कापणी फुलोऱ्यात करावी. त्यानंतर उरते ते काड, त्याने गायीचे पोट भरते, दूध वाढत नाही.

पावसाळ्यात उगवत्या जीवांची विराधना टळावी म्हणून आपले साधू-साध्वी चातुर्मासात एका ठायी राहतात. कुरणालाही नेमक्या त्याच दिवसांत खुरांपासून विसावा लागतो. हा मेळ मला फार मोलाचा वाटतो.

गारखेड्याच्या जुन्या शिवारात आज वसाहती उभ्या आहेत. कुरण करावयाचे तर शहराबाहेरच जावे लागेल. ज्यांच्याकडे मुरमाड पडीक जमीन आहे, त्यांनी यंदा एक एकर तरी राखावे. कुंपण घालावे, उताराला आडवे चर काढावेत, मारवेलची ठोंबे लावावीत. देणगीदारांनी कडब्याबरोबर कुंपणाच्या तारेचाही खर्च उचलावा. कापलेले गवत गोशाळेपर्यंत पोहोचविण्यास आमच्या दुकानाचा टेम्पो विनामूल्य येईल.