शेवटचं अक्षर ऐकू येण्यासाठी



मराठीत होकार की नकार, हे वाक्याच्या अगदी शेवटी कळतं. ‘ही गोळी उपाशीपोटी घ्यायची’ आणि ‘ही गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही’ यांत फरक फक्त शेवटच्या दोन अक्षरांचा. त्यात बोलणाऱ्याचा आवाज नेमका वाक्याच्या शेवटी उतरतो. हेच वाक्य फरशी, काच आणि सिमेंटच्या दवाखान्यात खिडकीपलीकडून एखाद्या आजींना सांगितलं, तर त्या काय ऐकून घरी जातील? मी गझल लिहितो. गझलेचा काफिया आणि रदीफ शेराच्या टोकालाच बसलेले असतात, त्यामुळे टोकाच्या अक्षरांची काळजी मला जरा जास्तच. म्हणून आज छताबद्दल आणि भिंतींबद्दल बोलतो.

आवाज गुळगुळीत, कठीण पृष्ठभागावर आदळला की जवळजवळ सगळाच्या सगळा परततो. विजापूरच्या गोलघुमटात ही मौज आहे. तिथल्या सज्जात टाळी वाजवा, ती पुन्हा पुन्हा कानावर येते. पण तिथे कोणी औषधाची वेळ सांगत नाही. आपण बोलतो ते सेकंदाला चार-पाच अक्षरं. खोलीत आवाज तीन सेकंद रेंगाळला, तर दहा-पंधरा अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडतात.

या रेंगाळण्याचं गणित प्रथम मांडलं वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकानं. १८९५मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेलं काही समजेना. सॅबिननं मोजलं, तर आवाज विरायला साडेपाच सेकंद लागत होते. मग शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, घड्याळ लावून मोजायचं आणि सकाळपूर्वी गाद्या परत नेऊन ठेवायच्या, असा उद्योग त्यानं चालवला. त्यातून सूत्र निघालं: खोलीचं घनफळ जितकं जास्त तितका आवाज रेंगाळतो, आवाज शोषणारं क्षेत्र जितकं जास्त तितका लवकर विरतो. १९००मध्ये उघडलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल याच अभ्यासावर उभा राहिला.

हे सूत्र आपल्याकडच्या कार्यालयाला लावून पाहू. २० मीटर लांब, १२ मीटर रुंद, ६ मीटर उंच रिकामा हॉल. सगळीकडे फरशी, काच आणि रंगवलेलं प्लास्टर. कागदावर हिशेब येतो नऊ सेकंदांच्या आसपास! त्याच हॉलचं फक्त छत सत्तर टक्के आवाज शोषणारं केलं, तर हिशेब सव्वा सेकंदावर येतो. भिंतीला हातही लावलेला नाही.

माणसंही आवाज पितात बरं का. जुम्म्याला मशीद भरलेली असते तेव्हा खुतबा स्पष्ट कळतो. एरवी मोजकी माणसं असताना तोच आवाज कमानींत फिरत राहतो. जुन्या नाशकातल्या वाड्यांत मात्र मोजकी मंडळी असली तरी चालायचं. लाकडी तुळया, मातीच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन, वर बैठकीच्या सतरंज्या आणि तक्के. तिथे हळू म्हटलेला शेरही कोपऱ्यातल्या माणसापर्यंत पोचायचा. ते वाडे पडले, त्यांच्या जागी चकचकीत सभागृहं आली. अशाच एका मंगल कार्यालयात आमचा मुशायरा झाला. मागून ‘ऐकू येत नाही’ अशी ओरड झाली की ध्वनिक्षेपकवाला आवाज वाढवायचा, आणि आवाज वाढला की गोंगाट वाढायचा. दाद आली ती बहुधा आमच्या हातवाऱ्यांना!

मग करायचं काय? आवाज शोषणारा फलक म्हणजे काही जादू नाही. काचलोकर, खनिजतंतूंच्या टाइल्स किंवा भोकं पाडलेल्या फळीमागे ठेवलेला तंतूंचा थर, या सगळ्यांत हवेची बारीक छिद्रं असतात. आवाजानं थरथरणारी हवा त्यांत घासते आणि तिच्या शक्तीची किंचित उष्णता होते. एवढंच. सपाट पीओपीचं छत दिसतं छान, पण ते आवाज फारसा शोषत नाही. थर्माकोलचे कण बंद असतात, त्यामुळे तोही कुचकामी. अंड्यांच्या ट्रेची गोष्ट तर गावोगाव ऐकायला मिळते. भिंतीला ट्रे चिकटवून स्टुडिओ होत नाही. आणि शेजाऱ्याचा आवाज अडवायचा असेल, तर ते काम जाड, जड भिंतीचं. हे फलक खोलीतलाच घुमारा कमी करतात.

एका बाबतीत मात्र कंजुषी नको. मऊ, सच्छिद्र वस्तू आवाज पितात, आणि त्यांतल्या कित्येक पटकन पेटतात. २००३मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये ‘द स्टेशन’ या नाइट क्लबात आतषबाजीची ठिणगी भिंतीवरच्या फोमला लागली आणि १०० माणसं गेली. तो फोम आवाज बाहेर जाऊ नये म्हणूनच लावलेला होता. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ला जळालं, तेव्हा नाटकवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथलं कारण काहीही असो, सभागृहातलं सामान किती लवकर पेटतं, हे पुन्हा दिसलं. काचलोकर आणि खनिजतंतू स्वतः सहसा पेट घेत नाहीत. त्यांच्यावरचं कापड, मागची चौकट आणि चिकटवायचा गोंद यांचीही चौकशी करावी.

नाट्यगृहांकडे थोडंफार लक्ष जातं. आपल्या कालिदास कलामंदिराचंही २०१८मध्ये नूतनीकरण झालं. पण नाटक आपण महिन्यातून एखादं पाहतो. मुलं रोज वर्गात बसतात. अमेरिकेत २००२च्या मानकानं लहान वर्गासाठी घुमाऱ्याची मर्यादा ०.६ सेकंद ठरवली. आपल्याकडे शेवटच्या बाकावरच्या मुलाला ‘लक्ष नाही तुझं’ म्हणून मोकळे होतात. त्याच्यापर्यंत प्रश्न तरी नीट पोचला का, हे कोण पाहणार? तीच गत बँकेतल्या टोकनची, बसस्थानकावरच्या घोषणांची आणि न्यायालयाच्या दालनाची.

सगळी इमारत पाडायला नको. छताचा मोठा भाग आणि वक्त्यासमोरची मागची भिंत, एवढ्यापासून सुरुवात करता येते. दुकानात गेलात तर रंग आणि नक्षीच्या आधी एनआरसी नावाचा आकडा विचारा: शून्याजवळ असेल तर फलक आवाज परतवतो, एकाजवळ असेल तर पितो. आणि दर दिवाळीला रंगरंगोटी करताना त्या टाइल्सवर ऑइल पेंटचा हात मारू देऊ नका. छिद्रं बुजली की छत पुन्हा बहिरं नव्हे, बोलकं होतं!