किल्ला पाहिला, खाडी पाहायची राहिली
(व्याख्यानाचे शब्दांकन)



२०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले समाविष्ट झाले. त्यांत विजयदुर्ग आहे, याचा आपल्या सर्वांना सार्थ अभिमान आहे. परंतु आज मी एक कबुली देणार आहे. पत्रकार म्हणून या किल्ल्यावर मी अनेकदा लिहिले. त्याच्या पायाशी असलेल्या वाघोटण खाडीवर मात्र कधी एक ओळही लिहिली नाही.

किल्ल्यापासून थोडे आत, गिर्ये गावाच्या हद्दीत, खाडीच्या एका फाट्यात आंग्ऱ्यांची गोदी आहे. खडक खोदून केलेली, सुमारे साडेतीनशे फूट लांब. भरतीला गलबत आत घ्यायचे, ओहोटीला पाणी उतरले की तळ कोरडा करून दुरुस्ती करायची. समुद्राच्याच नियमाला कामाला लावणारी ही बुद्धी कोणाची? ज्यांची नावे बखरींत नाहीत, अशा सुतार-लोहारांची आणि खलाशांची. गाबीत, भंडारी, कोळी, दालदी मुसलमान अशा दर्यावर्दी समाजांच्या बळावर ते आरमार उभे होते.

फेब्रुवारी १७५६ मध्ये याच खाडीच्या मुखाशी तुळाजी आंग्ऱ्यांचे आरमार जळाले. तोफा इंग्रजांच्या होत्या. पण त्यांना साथ पेशव्यांची होती. हे कटू सत्य आपण लपवू नये. भाऊबंदकीची किंमत दौलतीने मोजली. पुढे आनंदराव धुळपांनी येथूनच पुन्हा आरमार चालविले आणि १७८३ साली इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पकडले. नेते बदलले, निशाणे बदलली. वल्हे मारणारे हात मात्र किनाऱ्यावरचेच राहिले.

त्या हातांचे आज काय? फायबरच्या होड्या आल्या, तसे लाकडी होडी बांधणारे कारागीर विरळ होत चालले. तरुण मुंबईला गेले. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून कालवे-तिसऱ्या वेचणारी माउली मात्र अजून आहे. तिचे पोट ज्या कांदळवनावर अवलंबून आहे, तेथेच मासळीची पिल्ले वाढतात. कांदळ तुटले की जाळे रिकामे होते, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही.

बंधूंनो, चिरा ढळला तर तो पुन्हा बसविता येतो. होडीचा बाक डोळ्यांनी जोखणारा म्हातारा मिस्त्री गेला, तर ते ज्ञान कोठून आणणार? म्हणून विजयदुर्गास जाल, तेव्हा वाट वाकडी करून गोदीवर जा. तेथल्या वडीलधाऱ्यांपाशी बसा, विचारा, लिहून ठेवा. मीही आता तेच करणार आहे.