ओला बूट आणि ‘ते घालतच नाहीत’ ही तक्रार

(बेंगळुरूतल्या मराठी मित्रमैत्रिणींच्या रविवारच्या बैठकीतलं भाषण)



आज मी बुटांवर बोलणार आहे. पादत्राणांची गोष्ट आपल्याला नवी नाही. गावाची पायताणं शिवणारा स्वतः अनवाणी चालला. ज्यांच्या पायात वहाणा होत्या त्यांनाही वरच्या आळीतून जाताना त्या हातात घ्याव्या लागल्या. कर्नाटकात हरळय्याची कथा घरोघरी सांगतात. बाराव्या शतकात कल्याणमध्ये बसवण्णांसाठी त्याने स्वतःच्या कातड्याचे जोडे शिवले म्हणे. त्याच्या मुलाचं लग्न ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी झालं म्हणून त्याला मारलं, एवढा भाग सांगताना मात्र सांगणाऱ्याचा आवाज बारीक होतो.

आता बूट मिळतो. या शहराचे रस्ते झाडणाऱ्या पौरकार्मिकांत बहुसंख्य बाया आहेत, बहुतेक दलित. त्यांच्याबद्दल एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं: ‘गमबूट दिलेत हो, पण ही माणसं घालतच नाहीत.’ मुकादम म्हणतो, सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो, आणि आपल्यातले पदवीधरही म्हणतात.

मी नर्स आहे, पाय बघणं माझं रोजचं काम. म्हणून विचारते, काल संध्याकाळी ओला झालेला बूट आज पहाटे कुणी घालावा?

गमबूट रबराचा किंवा पीव्हीसीचा असतो. बाहेरचं पाणी तो अडवतो, पण आतला घामही बाहेर सोडत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात इथे संध्याकाळी धो-धो पाऊस पडतो. वरून एकदा पाणी आत गेलं की बूट दिवसभर बादलीसारखा भरलेला. घर एका खोलीचं, ऊन नाही, जोड एकच. पहाटे अंधारात कामावर निघताना अस्तर ओलंच असतं. त्या बुटापेक्षा चप्पल बरी, हा त्या बाईचा हिशेब चुकीचा नाही.

ओल्या पायाचं पुढे काय होतं? आधी बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. कातडी पांढरी पडते, सोलते, भेगा पडतात. मग मेडिकलवाला एक ट्यूब देतो. तिच्यात बहुतेक वेळा बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइडही असतं. दोन दिवस खाज थांबते आणि बुरशी चिवट होऊन परत येते. ती ट्यूब घेऊ नका, घरच्यांनाही घेऊ देऊ नका. फुटलेल्या कातडीतून उंदराच्या मुतानं दूषित झालेलं पाणी आत गेलं तर लेप्टो होऊ शकतो. २००५ च्या जुलैतल्या पुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, असं काही असेल तर डॉक्टरांना ‘मी घाण पाण्यात काम करते’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं. आणि ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांना तर कित्येकदा जखम झालेली कळतही नाही.

आता बूट वाळवायचा कसा ते सांगते. घरी आल्याबरोबर आतली गादी काढून वेगळी ठेवा. बूट बाहेरून साबणाने धुवा, आतून कोरड्या फडक्याने पुसा. वर्तमानपत्राचे बोळे करून अगदी चवड्यापर्यंत कोंबा, तासाभराने बदला, कागद कोरडा निघेपर्यंत. मग बूट आडवा टाकून त्याचं तोंड पंख्याकडे करा. चुलीवर, गॅसजवळ, हीटरपुढे ठेवायचा नाही. रबर तडकतं, सोल सुटतो, आणि एका खोलीच्या घरात आग लागायची भीती वेगळीच. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचा नाही. वास मारावा म्हणून फिनेल ओतणारेही भेटतात, त्याने फक्त कातडी भाजते.

पाय साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करा. तेल किंवा व्हॅसलिन टाचेला चालेल, बेचक्यांत नको. मोजे दोन जोड, दुपारी बदलायचे. बूटही दोन जोड हवेत, एक दिवसाआड घालायला, कारण पावसाळ्यात एका रात्रीत बूट पुरता वाळत नाही.

इथे तुम्ही म्हणाल, दुसरा जोड आणायचा कुठून? पहिल्या महायुद्धात खंदकातल्या पाण्यात उभं राहून सैनिकांचे पाय सडायला लागले. तेव्हा ब्रिटिश लष्कराने सुके मोजे पुरवले, पायांची रोज तपासणी लावली, आणि तुकडीचे पाय कोरडे ठेवण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर टाकली. आपल्याकडेही नियम झाला. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत गणवेश, हातमोजे, रेनकोट, मास्क यांच्याबरोबर ‘योग्य पादत्राणे’ होती. ती कामगारांना मिळतात आणि वापरली जातात हे पाहणं स्थानिक संस्थेचं काम, असं तिथे लिहिलं होतं. कामगाराचं नव्हे. ‘योग्य’ हा शब्द धरून ठेवा. बाईच्या पायात पुरुषाच्या मापाचा बूट योग्य नाही, आणि रात्रभर न वाळलेला बूटही नाही.

२०२२ च्या जुलैत याच शहरात पौरकार्मिक काम बंद करून फ्रीडम पार्कवर बसले. मागणी नोकरी कायम करण्याची होती. ती लढाई त्यांनी स्वतः लढली. आपण त्यांना शिकवायला जायचं नाही. पण अर्ज लिहिणं, माहिती अधिकारात ‘गेल्या वर्षी किती जोड, कोणत्या मापांचे, कोणत्या महिन्यात वाटले’ हे विचारणं आपल्याला जमतं. शिकलो ते यासाठीच ना.

मागण्या चारच: माणशी दोन जोड, पायाच्या मापाचे, चार जोड मोजे, वाटप पावसाआधी, आणि हजेरीच्या जागी पंखा लावलेली एक मांडणी, जिथे ओले बूट ठेवून घरी जाता येईल. अर्ज मराठीत चालणार नाही. ज्यांना नीट कन्नड लिहिता येतं त्यांनी चहानंतर थांबा, आजच कच्चा मसुदा करू.