आपल्या मापाचं वाद्य

आम्ही सोलापुरातल्या एका भजनी मंडळाच्या बायका. आमच्यात विड्या वळणाऱ्या आहेत, शिवणकाम करणाऱ्या आहेत, दोघी निवृत्त शिक्षिका आहेत. कुणाच्या घरी मराठी बोलतात, कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कानडी. त्यामुळे आमच्या एकाच बैठकीत अभंग होतो, वचन होतं आणि तेलुगू भजनही होतं. आज मात्र गाण्याबद्दल कमी आणि वाद्याबद्दल जास्त बोलायचं आहे. वाद्य दुकानातून तयार न आणता, एकेक भाग ठरवून आपल्या मापाचं कसं करून घ्यायचं, हा आजचा विषय.

मापाचं कशाला, असं तुम्ही विचाराल. ब्लाऊज आपण मापाचा शिवून घेतो. शेजारणीचा ब्लाऊज घालून कुणी लग्नाला जात नाही. सुराचं मात्र उलट चालतं. पेटीवाले काका ज्या पट्टीत बसतील, त्या पट्टीत बायकांनी गायचं. बैठकीत गाणाऱ्या पुरुषांचा षड्ज साधारण काळी एक, पांढरी दोन, काळी दोनच्या आसपास असतो. बहुतेक बायकांचा षड्ज पांढरी पाच, काळी चार किंवा काळी पाचला बसतो. काळी दोनमध्ये गायला लावलं की आपला खालचा सूर घशातच राहतो, आणि वर चढलं की आवाज चिरकतो. मग आपणच म्हणतो, ‘आता वय झालं, आवाज गेला.’ आवाज कुठे जात नाही, पट्टी दुसऱ्याची असते.

ही गोष्ट आम्हाला नीट कळली ती एका इलेक्ट्रिक गिटारमुळे. आमच्यातल्या एका मावशींची नात इंजिनिअरिंगला आहे. हात लहान, बोटं बारीक. दुकानातल्या गिटारची दांडी तिच्या मुठीत मावेना. शिकवण्यांचे पैसे साठवून तिने भाग मागवले आणि गिटार घरीच जुळवली. मावशींच्या पडवीत ते काम चाललं होतं आणि आम्ही सगळ्या भोवती बसून पाहत होतो.

गिटार अशी घरी जुळवता येते, याचं कारण ऐकण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाचे गृहस्थ रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५० साली त्यांनी भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली. तिची दांडी सरसाने न चिकटवता चार स्क्रूंनी धडाला बसवलेली होती. दांडी बिघडली तर स्क्रू काढा, दुसरी लावा. त्या चार स्क्रूंमुळे गिटारचे भाग सुटे झाले. आज धड एकीकडून, दांडी दुसरीकडून आणि खुंट्या तिसरीकडून मागवता येतात, ते त्यामुळेच.

धड भरीव असल्यामुळे ही गिटार नुसती वाजवली तर फार आवाज येत नाही. आवाज उचलतो तो पिकअप. लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये अगदी थोडी वीज तयार होते. जुन्या सायकलच्या डायनॅमोचंही तत्त्व हेच. ही वीज आवाज कमी-जास्त करायच्या बटणांतून ॲम्प्लिफायरकडे जाते आणि तिथे मोठी होते.

आता जुळवणी. पहिलं काम, काहीही पक्कं न करता दांडी धडाच्या खाचेत बसवून बघायची. या जातीच्या गिटारमध्ये खाचेची रुंदी साधारण ५६ मिलिमीटर धरतात. नातीचं धड एका विक्रेत्याचं, दांडी दुसऱ्याची, त्यामुळे दांडी आत जाईना. हातोडी मारायची नाही. खाचेच्या कडेला बारीक पॉलिशपेपर फिरवायचा, पुन्हा बसवून बघायचं, पुन्हा फिरवायचा. दांडी घट्ट बसली पाहिजे, पण हाताने काढता आली पाहिजे.

दुसरं काम ब्रिजचं, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या घोडीचं. वरच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढं अंतर, बरोबर तेवढंच बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंत हवं. तिच्या गिटारला वरचा अर्धा भाग ३२४ मिलिमीटर, म्हणून पूर्ण लांबी ६४८. इथे दोन-चार मिलिमीटरही इकडेतिकडे झाले, तर प्रत्येक पडद्यावरचा सूर बेसूर. शिवणकाम करणाऱ्या आमच्या वहिनींनी इथे मदत केली. दांडीच्या दोन्ही कडांना धरून त्यांनी शिवणाचा दोरा ताणला आणि तो थेट घोडीपर्यंत नेला. दोन्हीकडच्या तारा दांडीच्या कडेपासून सारख्या अंतरावर पडतात की नाही, हे दोऱ्यावरून दिसलं. मगच पेन्सिलीची खूण आणि मगच भोक. भोकही आधी स्क्रूपेक्षा बारीक पाडायचं आणि स्क्रूला साबण चोळायचा, म्हणजे लाकूड तडकत नाही.

तिसरं काम डाग देण्याचं, म्हणजे सोल्डरिंगचं. खिडकी उघडी ठेवून करायचं, धूर नाकात घ्यायचा नाही. सगळ्या तारा जोडल्या तरी एक अर्थिंगची तार घोडीपर्यंत न्यावीच लागते. ती नसेल तर ॲम्प्लिफायरमधून सतत घूं असा आवाज येतो. शेवटी तारा चढवायच्या. तारांच्या ताणाने दांडी पुढे वाकते, म्हणून तिच्या पोटात एक पोलादी सळई असते. ती किल्लीने पाव फेरा फिरवायची, थांबायचं आणि मग बघायचं. घाई केली तर दांडी कामातून जाते.

गिटार वाजली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. मग नातीने विचारलं, ‘‘आजी, तुम्हा सगळ्यांचा तंबोरा कुठाय?’’ आमच्याकडे मोबाईलमधला तंबोरा होता, तोही ज्या कुणाचा मोबाईल चार्ज असेल त्याच्यातला.

खरं तर वाद्य भाग जुळवून करण्याची विद्या आपल्याला परकी नाही. सोलापूर जिल्ह्यात भीमेच्या काठाने पंढरपूर, मंगळवेढा या बाजूला कडू भोपळ्याचे वेल लावतात. हा भोपळा खायचा नाही, वाद्याचा. तो पंढरपूरहून मिरजेला जातो आणि तिथे त्याचे तंबोरे आणि सतारी होतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिरजेत फरीदसाहेब नावाचे कारागीर होऊन गेले. घराणं शिकलगारांचं, हत्यारांना धार लावणाऱ्यांचं. लढाया सरल्या तशी हत्यारांची गरज कमी झाली आणि पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तेच हात वाद्यांकडे वळले. पुढे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म १९०५ साली मिरजेचाच. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या काही गायिकांत त्यांचं नाव घेतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सोलापुरी चादरीला आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला जसं आहे तसंच.

गिटार आणि तंबोरा यांत एक मोठा फरक आहे. गिटारचे भाग करणाऱ्यांनी मापं आधीच ठरवून घेतली आहेत, म्हणून अनोळखी माणसांनी केलेले भाग एकमेकांत बसतात. भोपळा मात्र शेतात वाढतो. त्याला ५६ मिलिमीटर ठाऊक नसतं. म्हणून तंबोऱ्यात आधी भोपळा निवडतात आणि बाकी सगळं त्याच्या मापाने करतात. वाळलेला भोपळा भिजवून कापायचा, बिया आणि गर खरवडून काढायचा, आकार राहावा म्हणून आतून काड्यांचा आधार द्यायचा आणि पुन्हा वाळवायचा. मग तुणीच्या लाकडाचा गळा आणि दांडी, तोंडावर लाकडी तबली, वर खुंट्या, तबलीवर घोडी, खाली तारा अडकवायचा लंगोट आणि सूर बारीक जुळवायला मणी.

सगळ्यात नाजूक काम जवारीचं. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. तार तिथे नुसती टेकत नाही, घासत घासत सुटते. तारेखाली सुताचा धागा सरकवून योग्य जागा सापडली की एका तारेतून अनेक सूर झंकारू लागतात. सी. व्ही. रामन यांना नोबेल मिळालं १९३० साली. त्याआधी, १९२१ मध्येच, त्यांनी वीणा आणि तंबोऱ्याच्या या घोडीवर शास्त्रीय लेख लिहिला होता. तारेच्या नेहमीच्या नियमाने जे सूर निघायला नकोत, तेही या घोडीमुळे निघतात, हे त्यांनी दाखवलं. कारागीर ते कानाने आणि कानशीने करत आले आहेत.

आमच्या मंडळात यावरून वाद झाला, तो सांगायला हवा. निम्म्या जणींचं म्हणणं होतं, विजेवरची तंबोऱ्याची पेटी घ्या. ती लहान, हलकी, पट्टी बदलायला एक बटण, उन्हाने बिघडत नाही. हे सगळं खरं आहे आणि एकटीने रियाज करणारीला पेटी चांगलीच. पण पेटी आपण लावून देतो आणि तिच्यामागे गातो. तंबोरा आपल्याला स्वतः जुळवावा लागतो, आणि जुळवता जुळवता कान तयार होतो. विड्या वळणाऱ्या आमच्या आक्का म्हणाल्या, ‘‘हजार विड्या वळल्या की पैसे मिळतात. ते बटण दाबायला घालायचे, का शिकायला घालायचे, येवढंच सांगा.’’ दुसरा मुद्दा भोपळ्याचा. उजनी धरण १९८० साली झालं, भीमेकाठी ऊस वाढला. भोपळा कित्येक महिने रान अडवून बसतो आणि बाजारात भाजी म्हणून विकताही येत नाही. तंबोऱ्याला गिऱ्हाईक असेल तरच शेतकरी तो लावणार. शेवटी दरमहा वर्गणी काढून तंबोराच करून घ्यायचं ठरलं, आणि तो आता आमच्या बैठकीत आहे.

तुम्हालाही करून घ्यायचा असेल तर या गोष्टी आधी ठरवा. सगळ्यात पहिली गोष्ट पट्टीची. चार दिवस वेगवेगळ्या वेळी गाऊन बघा. खालचा पंचम स्वच्छ लागतो आणि तार षड्जाच्या वरही थोडं सहज जाता येतं, ती पट्टी तुमची. कारागिराला ‘बायकांचा तंबोरा’ एवढंच सांगू नका, ‘काळी चारचा’ असं सांगा. तार आखूड आणि बारीक असेल तर सूर वर जातो, म्हणून जनानी तंबोरा साधारण साडेतीन ते चार फुटांचा आणि मर्दानी साडेचार ते पाच फुटांचा असतो. मोठा तंबोरा घेऊन त्याच्या तारा काळी चारपर्यंत ताणल्या तर तारा तुटतात. त्यानंतर भोपळा टिचकी मारून ऐका, चीर बघा. खुंटी फिरवून बघा, ती घसरता कामा नये आणि अडकताही कामा नये. घोडी कशाची आहे ते विचारा आणि जवारी पुन्हा काढून घ्यायची वेळ आली तर कुणाकडे जायचं, हेही विचारून ठेवा.

मोठ्या सभागृहासाठी पिकअप बसवायचा असेल तर एक लक्षात ठेवा. गिटारचा चुंबकी पिकअप तंबोऱ्याला चालत नाही. आपली खर्जाची तार पितळेची असते आणि पितळेला लोहचुंबक ओळखत नाही. तीन तारा ऐकू येतील आणि खर्ज गप्प बसेल. म्हणून तबलीला चिकटणारा, लाकडाची थरथर उचलणारा पिकअप घ्यावा लागतो. हे आम्हाला त्या नातीनेच सांगितलं आणि तिनेच तो बसवून दिला.

सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. तंबोरा उन्हात ठेवू नका, कूलरच्या तोंडाशीही ठेवू नका. फार दिवस वाजणार नसेल तर तारा थोड्या सैल करा. आडवा ठेवताना भोपळ्याखाली कापडाची चुंबळ द्या, म्हणजे तो लोळत नाही. डोक्यावर घागर वाहताना केलेली चुंबळ आपल्याला शिकवायला नको.

आता आमच्या बैठकीला काळी चारचा षड्ज लागतो. ‘आवाज गेला’ म्हणून दोन वर्षं नुसत्या टाळ्या वाजवत बसणाऱ्या एक आजी गेल्या एकादशीला अख्खा अभंग एकट्या म्हणाल्या. तुमच्याही मंडळात अशा कुणी मागे बसल्या असतील. पुढच्या बैठकीला पेटीवाल्या काकांना आदराने सांगा, ‘‘काका, आज आमच्या पट्टीत धरा,’’ आणि त्यांना पुढे बसवा. तंबोऱ्याचा खर्च नंतर बघता येईल.